मन्नूबियाचा हात आणि तिजानीचं घड्याळ

आमच्या गल्लीत कोणाला वेळ बघायची झाली तर मन्नूबियाचं कोपर बघावं लागायचं. घड्याळ तिथं असायचं. चांगलं जाडजूड, पोलादी, पुरुषी घड्याळ, तिच्या नवऱ्याचं. मनगटात सैल होतं म्हणून तिनं ते वर सरकवत सरकवत कोपराखाली नेऊन बसवलं होतं, आणि त्यावर जुन्या पायमोज्याचा कापलेला तुकडा चढवला होता, आत रवा जाऊ नये म्हणून. कोणी वेळ विचारली की ती मोजा खाली ओढायची, डोळे बारीक करायची आणि सांगायची, "दुपारच्या अस्रच्या नमाजेला अजून दोन काथवटी आहेत." म्हणजे दोन काथवटी कुसकुस, रव्याचे बारीक दाणे, वळून होईल एवढा वेळ. तास-मिनिटांत तिनं कधी सांगितलंच नाही. तरी आमची नमाज कधी चुकली नाही.

मी तिच्याहून थोडी धाकटी. आमच्या दोघींच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून आमचं मीठ, कोथिंबीर आणि भांडणं जन्मभर इकडून तिकडं जात आली आहेत. तेव्हा तिच्याबद्दल मी सांगितलं तर चालेल.

मन्नूबिया कोळ्याची मुलगी. बापाची होडी, आईची सात लेकरं, आणि घरात कुसकुस वळायची ती हिनंच. हात चांगला म्हणून. कुसकुस वळणं सगळ्यांनाच येतं, मलाही येतं. पण माझे दाणे म्हणजे लग्नाला जमलेली माणसं, एक उंच, एक बुटका. तिचे दाणे सगळे एका आईचे. काथवटीत रवा पसरायचा, मिठाचं पाणी शिंपडायचं, आणि तळहात सपाट ठेवून गोल गोल फिरवत राहायचं. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. दाबलं की गोळे होतात. तिचा हात फिरायला लागला की बघणाऱ्याला झोप यायची. लग्न असो, सुंता असो, मयत असो, गल्लीतलं कोणीही पहिल्यांदा तिच्या दारात यायचं.

तिचं तिजानीशी लग्न झालं आणि पुढच्याच हिवाळ्यात तिजानी फ्रान्सात मार्सेयला गेला, बंदरात जहाजं दुरुस्त करायला. तेव्हा आमच्या महदिया गावातले अर्धे नवरे तिकडंच होते. वर्षातून एकदा ऑगस्टात यायचे, छपरावर गाद्या बांधलेल्या गाडीतून. पहिल्या वर्षी तिजानीनं आईला कोट आणला, बायकोला घोंगडी आणि अत्तर, आणि स्वतःला हे घड्याळ. "चावी द्यायला लागत नाही याला," तो कॅफेत सगळ्यांना सांगायचा. "आत एक अर्धी चकती आहे. हात हलला की ती गरगर फिरते आणि चावी आपोआप बसते. माणूस जिवंत तोवर घड्याळ जिवंत!"

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बंद पडलं.

तिजानी असा ओरडला की मी भिंतीवरून वाकून बघितलं, मला वाटलं कोणी गेलं. "फसवलं मेल्यांनी! अरब बघितला आणि खोटं घड्याळ गळ्यात मारलं!" तसाच तो गावाच्या जुन्या वेशीवर, स्कीफ्याच्या कमानीशी, घड्याळजीकडं गेला. तेव्हा दुकानात आताच्या घड्याळजीचा, खमैसचा, बाप बसायचा. त्यानं ते उघडलं, कानाला लावलं, बंद केलं आणि म्हणाला, "तिजानी साहेब, घड्याळाला काही झालेलं नाही. तुम्ही सुट्टीवर आलात, एवढंच."

खरंच होतं. मार्सेयला तो दिवसभर हातोडा चालवायचा. इथं आला की चहाच्या पेल्यापेक्षा जड काही उचलायचा नाही. पत्ते खेळायचा, पण पत्ते पिसायलासुद्धा दुसऱ्याला सांगायचा.

घरी आला तर अंगणात मन्नूबिया वर्षाची बेगमी करत बसलेली. तिजानीनं तिच्यापुढं उकिडवं बसून घड्याळ तिच्या हातावर बांधलं आणि म्हणाला, "माझा हात सुट्टीवर आहे, तुझा कामावर. सांभाळ." संध्याकाळी ते टकटक करत होतं. मन्नूबियानं मला भिंतीवरून हात लांब करून ऐकवलं. "ऐक," म्हणाली, "मी वळते आणि हे खातं."

मग ती रीतच पडली. अकरा महिने घड्याळ त्याच्या हातावर, ऑगस्टात तिच्या. परत जायच्या सकाळी तो दारातच ते तिच्या हातावरून काढून स्वतःच्या हातावर चढवायचा. तिच्या हाताला पट्ट्याचा वळ राहायचा. "वळ जाईपर्यंत तो इथंच आहे असं वाटतं," ती मला एकदा म्हणाली, आणि लगेच, "कोणाला सांगितलंस तर बघ." आता सांगते आहे. ती वाचणार नाही, तिला माझ्याहूनही कमी वाचता येतं.

तिजानी म्हातारा होऊन कायमचा घरी आला तेव्हा घड्याळ कायमचं तिच्या हातावर गेलं. त्याच्या छातीत जहाजांची धूळ भरली होती. शेवटच्या दिवसांत तो उशांना टेकून बसायचा आणि प्रत्येक गोष्टीचा नियम घालून ठेवायचा. होडीचा वाटा कोणाचा, लिंबाचं झाड कोणी छाटायचं. मी सूप घेऊन गेले होते तेव्हा मुलगा नाफेही आलेला होता. तिजानी म्हणाला, "घड्याळ तुझ्या आईच्या हातावर चालेल तोवर आईचं. तिच्या हातावर थांबलं की, नाफे, तुझं." मग सूप चाखलं आणि मला म्हणाला, "सल्लूहा, मीठ आमच्याकडून न्यायचंस ना." अल्लाह त्याला जन्नत देवो, माझ्याशी बोललेलं त्याचं तेच शेवटचं.

एवढा साधा नियम. पण मन्नूबियानं तो ताईत बांधावा तसा बांधला. थंडीत कामं कमी असायची तेव्हा सुद्धा ती रोज एक काथवट वळायची, कोणाला हवी असो नसो. आमच्या गल्लीतल्या गरिबांनी इतकी कुसकुस खाल्ली ती त्या घड्याळापायी. एकदा तिला ताप आला तर तिनं घड्याळ माझ्या हातावर बांधून मला वळायला बसवलं. "हे चालतं का तुझ्या नियमात?" मी विचारलं. म्हणाली, "ताप माझा, हात तुझा, मन माझं. बस आणि वळ."

यंदा जुलैच्या सुरुवातीला तिनं गच्चीवर ऑक्टोपस वाळत घातला होता, आणि मांजरानं त्यातला सगळ्यात मोठा पळवला. मन्नूबिया मांजरामागं जिन्यावरून धावली. या वयात. मांजर पोचलं, ऑक्टोपस पोचला, मन्नूबिया शेवटच्या तीन पायऱ्यांवर आडवी. उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, आणि घालायच्या आधी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

ती शुद्धीवर होती, दुखत होतं, पण विचारलं काय? "चालतंय ना?"

घरी आल्यावर तिनं ते डाव्या हातावर बांधलं. आता डावा हात म्हाताऱ्या बाईचा काय हलणार? चमचा उचलतो, तसबीहची माळ फिरवतो, झालं. घड्याळही जुनं, त्याची कमान थकलेली, दिवसभर पोटभर मिळालं तरच रात्र काढायचं. मग मन्नूबियानं डावा हात मुद्दाम हलवायला सुरुवात केली. सकाळी दारात खुर्ची टाकून बसायची आणि हात वर करून खाली, वर करून खाली. समोरून जाणारे सगळे तिला सलाम करायला लागले. पोस्टमन सलाम करायचा, गल्लीतली पोरं करायची. एक परदेशी पाहुणा थांबून तिला परत हात हलवत उभा राहिला. दोघंही थांबेनात.

"मला दे की," मी म्हटलं. "मी वळते तुझ्यासाठी, तापात वळलं तसं."

"ताप उतरतो सल्लूहा. हाड जुळेल का नाही कोणाला माहीत? आणि ऑगस्टात नाफे येतोय. त्याच्यापुढं मी परक्या हातावर चालवलेलं घड्याळ मिरवू?"

"मी परकी का?"

"घड्याळाच्या बाबतीत परकी."

मी तीन दिवस बोलले नाही. मग कोथिंबीर लागली.

नाफेही फ्रान्सात, ल्योंला असतो. कचेरीत कॉम्प्युटरपुढं बसतो. पोरगा चांगला आहे, फक्त सावकाश. त्याला जुन्या घड्याळांचा नाद आहे, फोनवर जगभरातल्या तसल्याच माणसांशी बोलत असतो. आला तो आईचा प्लास्टरमधला हात हातात घेऊन रडला, मग बॅगेतून एक पेटी काढली. काळी, चकाकती, वर काच, आत मखमल आणि मध्ये एक छोटी उशी. "आई, याला वाइंडर म्हणतात. घड्याळ या उशीला घालायचं. पेटी थोडी फिरते, थांबते, उलटी फिरते. माणसाच्या हातासारखंच. आता तू हात हलवत बसायचं नाही. घड्याळ कधी थांबणारच नाही."

मला वाटलं, सुटली बाई. घड्याळही चालेल, हातही बरा होईल. मन्नूबियानं पेटी उलटीसुलटी करून पाहिली. प्लग पाहिला. मग विचारलं, "हे तुझ्या बापाच्या शब्दात बसतं का?"

"कुठल्या शब्दात?"

झालं! पोरगा विसरला होता. मन्नूबियाचा चेहरा असा झाला की मीच घाईघाईनं त्याला सगळं सांगितलं, सूप आणि मीठसुद्धा. तो हसला. "अगं आई, ते बाबा गमतीनं म्हणाले असतील. मला नको घड्याळ. तुझंच आहे ते."

"तुझ्या बापानं दिलेलं तुला नको?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

नाफे उठला. त्यानं गुपचूप पेटीचा प्लग लावला, घड्याळ आत घातलं आणि दोघांनी समोर बसून बघितलं. मीही बसले. उशी जराशी फिरली. थांबली. विचार केल्यासारखी उलटी फिरली. जत्रेत रिकामा पाळणा फिरावा तसं दिसत होतं. नाफे कौतुकानं सांगत होता की जुनं घड्याळ बंद पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं, आणि प्रत्येक वेळी तारीख परत लावताना आतली नाजूक चाकं झिजतात. म्हणून चालत राहिलेलं बरं. मन्नूबिया ऐकत होती की नाही कोणास ठाऊक. चहा गार होईतोवर ती पेटीकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "कोणाचा हात आहे रे हा?"

"मशीन आहे आई."

"ते दिसतंय. पण कोणासाठी हलतोय? आत कोणी वळत नाही, कोणी ठोकत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं भांडत भांडत खमैसच्या दुकानात गेले आणि मी न्याय ऐकायला मागून गेले. खमैस आता बापाच्या स्टुलावर बसतो, बापासारखाच घुम्या. त्याच्या कपाटात तसल्याच पेट्या विकायला मांडलेल्या आहेत, हे मी आधी बघून ठेवलं. नाफेला धीर आला.

खमैसनं घड्याळाची पाठ उघडली आणि डोळ्याला भिंग लावलं. मग चिमट्यानं काहीतरी काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. रव्याचा कण.

"मन्नूबिया खाला," तो म्हणाला, "मोजा बांधूनसुद्धा?"

"बघ!" नाफे म्हणाला. "वाफ, पीठ, मीठ! म्हणूनच पेटी हवी."

"पेटीत हे रात्रंदिवस फिरणार," खमैस म्हणाला. "कोणी बघत नसताना, कोणाला वेळ नको असताना. नव्या घड्याळाला चालतं. हे म्हातारं. जितकं फिरेल तितकं झिजेल, आणि याचे भाग आता मिळत नाहीत."

"बघ!" मन्नूबिया म्हणाली.

"मग या पेट्या कपाटात कशाला ठेवल्यास?" मी विचारलं.

"लोक मागतात खाला. मी काय नाही म्हणू?"

"म्हणजे करायचं तरी काय?" नाफे वैतागला.

खमैसनं खांदे उडवले. "घाला आणि हिंडा. नाही घालायचं तर थांबू द्या. थांबलं म्हणून मरत नाही. घालायच्या दिवशी परत लावायचं."

थांबलं म्हणून मरत नाही. नाफेला ते पटण्यासारखं वाटलं, मलाही. पण मन्नूबियाला ते सांगून काय उपयोग? घड्याळ मरेल ही तिला भीती नव्हतीच. ते तिच्या हातावरून जाईल ही होती. आणि तिजानीचा शब्द मोडून ते ठेवून घेणं तिला त्याहून कठीण. परतताना ती माझ्या खांद्याला धरून चालत होती. म्हणाली, "खमैसनं तेल घातलंय. शेवटचं जेवण घातल्यासारखं."

त्या दिवशी तिनं घड्याळ पेटीत घातलं नाही आणि हातही हलवला नाही. "नुसताच हलवलेला हात आणि ती पेटी, फरक काय?" एवढंच म्हणाली. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं ते डाव्या हातावर बांधलं, आणि हात मांडीवर ठेवून, जणू पाहुणा बसवलाय अशी अंगणात बसली. दुसऱ्या दिवशीही तशीच. मी भिंतीपाशी होते, अंजीर उकलून वाळत घालत होते. उन्हं गच्चीच्या कठड्यावर चढली तेव्हा तिनं हाक मारली, "सल्लूहा, ये. तुझे कान चांगले आहेत." मी गेले, कान लावला. काही नव्हतं. "नाही ना?" म्हणाली. मी मान हलवली. तिनं एका हातानं आणि दातांनी पट्टा सोडला, मला सोडू दिला नाही, आणि नाफेला हाक मारली.

"उजवा हात पुढं कर. बिस्मिल्ला म्हण."

नाफेनं पुढं केला. त्याला आता हसू येत नव्हतं. एका हातानं तिला बांधता येईना म्हणून शेवटी तिनं मलाच बांधायला लावलं. "तुझ्या बापाचं," ती त्याला म्हणाली, "आता तुझ्या हातावर चालू दे." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. एका हातानं. आवाज केवढा!

दोन दिवसांत गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं की घड्याळ पोराकडं गेलं. मन्नूबिया उजवं कोपर झाकून बसायची, प्लास्टर असून. कोणी वेळ विचारायला आलं की म्हणायची, "मशिदीला विचारा."

नाफे घड्याळ घालून कॅफेत बसला. पोहायला गेला तेव्हा काढून ठेवलं, आला तेव्हा घातलं. झोपला. पत्ते खेळला, तेही फोनवर. मग तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं मनगट बघितलं, फोन बघितला, परत मनगट बघितलं. भाजलेल्या सार्डिन ताटात तशाच.

"आई," तो म्हणाला, "थांबलं."

मन्नूबियानं घास खाली ठेवला. मग तिला हसू फुटलं. मला आठवत नाही ती याआधी केव्हा अशी हसली होती; तिजानी गेल्यापासून तरी नाही. मलाही हसू आवरेना. "तसाच!" ती डोळे पुसत म्हणाली. "तसाच तिसऱ्या दिवशी! अरे, तुझा बापसुद्धा... सल्लूहा, सांग त्याला, कसा ओरडला होता!"

मी सांगितलं. फसवलं मेल्यांनी, सुट्टीवर आलात, सगळं. नाफेनं ते कधी ऐकलंच नव्हतं. तो तेव्हा पाळण्यात होता. त्यानं घड्याळाकडं नव्यानं बघितलं. "म्हणजे बाबांच्या हातावरही थांबायचं?"

"दर ऑगस्टात. म्हणून तर माझ्या हातावर आलं."

"मग आता? माझ्या हातावर थांबलं तर कोणाचं, हा नियम बाबांनी घातला नाही."

"नाही घातला," मन्नूबिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि लगेच विझलं. तिनं प्लास्टर उचलून दाखवलं. "घातला असता तरी हे बघ."

पुढच्या आठवड्यात तिच्या अंगणात बेगमीची पाळी आली. आम्ही गल्लीतल्या बायका दरवर्षी एकेकीच्या घरी जमून वर्षभराची कुसकुस वळतो; जिचं घर तिनं मधल्या मोठ्या काथवटीशी बसायचं. आज काथवट मांडलेली, रवा ओतलेला, आणि मधली जागा रिकामी. मन्नूबिया शेजारी खुर्चीवर हुकूम देत होती. "पाणी कमी. अगं, हलक्या हातानं! कणीक तिंबतेस की काय?" सगळ्यांनी आपापल्या काथवटी धरल्या होत्या; मधल्या जागेवर बसायची हिंमत कोणाची होईना. माझीसुद्धा. माझे दाणे तुम्हाला सांगितलेत.

तेवढ्यात नाफे अंगणात आला. आंघोळ केलेला, बाह्या दुमडलेल्या, घड्याळ कोपराखाली सरकवलेलं, आणि त्याच्यावर, काय सांगू, स्वतःचा नवा पायमोजा कापून चढवलेला! बायकांनी ओढण्या सावरल्या. पुरुष त्या वेळी अंगणात येत नाही आमच्याकडं.

"जरा सरका खाला," तो म्हणाला आणि मधल्या काथवटीशी मांडी घालून बसला.

एकदम चिवचिवाट. "अरे ऊठ, मिशा गळतील!" "ल्योंमध्ये हेच शिकवतात का?" "बायको टाकून गेली की काय याची?"

"बायको खुशाल आहे," नाफे म्हणाला. तो कानापर्यंत लाल झाला होता, पण उठला नाही. "आई, पाणी किती?"

मन्नूबिया म्हणाली, "ओंजळभर. शिंपड, ओतू नकोस."

त्यानं शिंपडलं. तळहात ठेवला आणि फिरवला, दाबून. दोन फेऱ्यांत रव्याचे गोळे झाले, हरभऱ्याएवढे. बायका हसून हसून लोळल्या. मन्नूबिया खुर्चीवरून उतरली, कण्हत त्याच्या मागं बसली आणि डावा हात त्याच्या हातावर ठेवला. "दाबू नकोस. नुसता फिरव. रव्याला कळू दे की तू आहेस, एवढंच." तिचा हात फिरायला लागला, त्याच्याबरोबर त्याचाही. बायका आपापल्या काथवटीकडं वळल्या. दुपारपर्यंत तो घामानं निथळत होता, त्याच्या दाण्यांमध्ये अजून काकाही होते आणि नातूही. पण मी त्याच्या हाताला कान लावला तेव्हा घड्याळ टकटक करत होतं, भूक लागलेल्या माणसानं जेवावं तसं.

"वळतो आणि खातं," मी मन्नूबियाला सांगितलं.

"मला ऐकू येतंय," ती म्हणाली. मला नाही वाटत तिला येत होतं.

त्याच्या जाडजूड कुसकुसचं काय करायचं ते आम्हाला माहीत असतं. तसल्या मोठ्या दाण्याला आम्ही म्हम्मसा म्हणतो, हिवाळ्यात रश्शात शिजवतो. तो रोज येऊन बसला; ती एकट्या त्याची चार पोती झाली. गल्लीत हिवाळाभर दुसरं काही शिजणार नाही.

बेगमी संपली आणि नाफे जायच्या आदल्या दिवशी मन्नूबियाचं प्लास्टर काढलं. आतून हात निघाला तो चिमणीच्या पायासारखा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज व्यायाम करा, तळहात सपाट ठेवून टेबलावर गोल गोल फिरवा, जोर न लावता. मी आणि मन्नूबियानं एकमेकींकडं बघितलं. आम्हाला तिथं हसणं बरं दिसलं नसतं.

निघायच्या सकाळी गाडी दारात होती. नाफेनं उंबऱ्यात थांबून घड्याळ काढलं. हातावर चांगला वळ उमटला होता. त्यानं ते आईच्या हातावर बांधलं. पट्टा सैल झाला म्हणून खमैसकडून एक जादा भोक पाडून आणलं होतं. "माझा हात परत सुट्टीवर चाललाय," तो म्हणाला. "कचेरीत."

"आणि शब्द?"

"तुझ्या हातावर थांबलं, मी घेतलं. माझ्या हातावर थांबलं, तू घे. बाबा असते तर वेगळं काय म्हणाले असते?"

मन्नूबियानं विचार केला. "सूपात मीठ नाही म्हणाले असते," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. मी गच्चीकडं बघितलं.

पेटी तो इथंच विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला. मन्नूबियानं प्लग काढून टाकला, उशी काढून ती सुया टोचायला घेतली, आणि मखमलीवर आता केशर आणि चांगल्या लवंगा ठेवते. काच आहे ना वर, मांजर येत नाही.

ती आता रोज लहान काथवट घेऊन बसते, डॉक्टरीणबाईंचा व्यायाम. हात अजून हळू फिरतो. घड्याळ काही दिवस चालतं, काही दिवस पहाटे थांबतं. थांबलं तर ती कोणाला बोलावत नाही. मशिदीची बांग होते, ती मोजा खाली ओढते, काटे लावते आणि वळायला बसते.

काल मी भिंतीवरून विचारलं, "किती वाजले गं?"

मोजा ओढला, डोळे बारीक केले. "अर्धी काथवट," म्हणाली. "ये, उरलेली अर्धी तू वळ. आणि मीठ घेऊन ये, आपलं."